एका खिशाचा कोट

४ जुलै

चिंगे,

आधी मुद्द्याचं. तुझा दादा बरा आहे. आता श्वास सोड आणि पुढचं सावकाश वाच.

पत्र लिहितेय म्हणून हसू नकोस. फोनवर तुझ्याशी बोलायला बसले की हे समोरच्या खुर्चीत येऊन बसतात आणि माझ्या तोंडाकडे टक लावून बघतात. मेंदूच्या झटक्यात बोलणं गेलं, कान कुठे गेलेत? समोर बसलेल्या माणसाबद्दल 'आजकाल फार चिडचिड करतात' असं कसं सांगू? त्यात भर म्हणजे सांगितलं तर मान डोलावतात.

चालणं सुधारलंय. उजवा पाय ओढत का होईना, फाटकापर्यंत जाऊन येतात. उजवा हात अजून पाहुण्यासारखा मांडीवर पडून असतो. बोलण्यात एकच शब्द, 'बरं'. चहा हवा तरी बरं, नको तरी बरं, मी रागावले तरी बरं. लग्न झाल्यापासून ज्याची वाट बघितली ते आता मिळालं बघ, नवरा प्रत्येक गोष्टीला बरं म्हणतो. हसलीस ना? मीही हसते, आणि मग आत जाऊन रडते. झोपेतसुद्धा माझा कान ह्यांच्या श्वासाकडे असतो. परत झटका आला तर मी एकटी काय करणार आहे, सांग बरं.

माझं म्हणशील तर मी ठणठणीत. जरा वेंधळी झालेय इतकंच. दाराची चौकट रोज माझा खांदा फोडते, इतक्या वर्षांत कधी आडवी आली नव्हती ती. परवा तुझा तो निळा कप फुटला, हातातून सुटलाच. ह्यांच्या गोळ्या लिहून घ्यायला गेले तेव्हा आपल्या डॉक्टरांना सहज सांगितलं. म्हणाले, "काकू, एवढ्या धावपळीत कुणाचंही हेच होईल. टेन्शन आहे." झोपेची अर्धी गोळी दिली.

कामाचा तुझा पांढरा कोट पार विटलाय म्हणत होतीस. कापड आणि मापं पाठव. मशीनवर बसले की माझा जीव थाऱ्यावर येतो.

वहिनी


१५ जुलै

वहिनी,

कापड आणि मापं सोबत आहेत. दोन मोठे खिसे हवेत, रुमाल आणि किल्ल्या मावतील असे. कंबर मागच्यापेक्षा वाढली आहे, त्यावर शेरा नको.

दादाची पुढची तपासणी दोन महिन्यांनी. तेव्हा मानेची सोनोग्राफी मीच करीन, दुसऱ्या कुणाच्या हातात प्रोब देणार नाही. तू उगाच घाबरत बसू नकोस. त्याचं सगळं वेळेवर झालंय. पाणीपुरवठा खात्यातल्या त्याच्या लोकांनी जीपमध्ये घालून थेट आमच्या हॉस्पिटलात आणलं, त्याच दिवशी डोक्याचा सीटी, मानेच्या रक्तवाहिन्या, हृदय, ठोके टिपायला छातीला पट्टा, काही म्हणजे काही राहिलं नाही. सगळ्यांचं असं होत नाही गं.

आमच्या मोठ्या डॉक्टर मॅडम सध्या एका कामाच्या मागे हात धुऊन लागल्यात. झटका आलेल्या पेशंटपैकी कुणाची कुठली तपासणी झाली आणि कुणाची राहिली, ते त्या जुन्या कागदांतून काढतायत. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना फायली काढून देते. शहरातला, नोकरीतला पुरुष असला की सगळं बघून होतं. लांबून आलेला असला की एखादी तपासणी गळते. आणि लांबून आलेली बाई असली, त्यातून वयाची, की डोक्याचा एक फोटो आणि गोळ्यांची पिशवी. कुणी मुद्दाम करत नाही. मशीन दूर असतं, सोबतीला कुणी नसतं, आणि बाईच्या तक्रारीवर शिक्का ठरलेला, टेन्शन! मला तर ऐकूनच संताप येतो.

असो. तू जरा स्वतःकडे बघ, दुपारी पडत जा. आणि टेन्शन घेऊ नकोस.

चिंगी


२ ऑगस्ट

चिंगे,

कोट बसच्या पार्सलने पाठवलाय. काज हातांनी केलेत, मशीनचे नाहीत. घालून आरशात बघ आणि मग मला नावं ठेव.

या वेळी वेळ लागला, कारण माझं डोकं फिरलं होतं. एक बाई मुलीचा फ्रॉक परत घेऊन आली. म्हणे एका बाजूला लेस लावलीच नाही. मी म्हटलं, बाई गं, मी आयुष्यात कुणाचा अर्धा कपडा दिलेला नाही! दाखवायला गेले तर लेस खरंच नव्हती. घरी उसवून आणली असणार, दुसरं काय. आजकाल लोक काय करतील नेम नाही. वर म्हणते कशी, "काकू, तुमचं लक्ष नाही हल्ली." माझं लक्ष नाही! दिवसभर लक्ष ठेवण्यापलीकडे मी करते काय?

ह्यांचा डावा हात आता तरबेज झालाय. चमच्याने नीट जेवतात, माझ्या ताटावरही नजर असते. मी अर्धी भाजी टाकून उठते म्हणून बोटाने ताट ठोकतात. मी म्हणते, संपवलं की! तर पुन्हा ठोकतात. सासूबाई गेल्या आणि ह्यांना चार्ज देऊन गेल्या.

डॉक्टरांकडे परत जाऊन आले. पित्त म्हणाले. कशासाठी गेले होते ते विचारू नकोस. बायकांच्या शरीराच्या सतरा भानगडी.

वहिनी


८ ऑगस्ट

वहिनी,

तू लग्न होऊन आलीस तेव्हापासून मी तुझ्या हातचं घालतेय, पण असा कोट पहिल्यांदाच मिळाला. खिसा एकच! उजव्या बाजूला नुसतं मैदान. उजव्या बाहीची कड दुमडलेलीच नाही, धागे लोंबतायत. आमच्या खोलीत सगळ्यांनी खिदळून घेतलं. किल्ल्या कानात अडकवू का आता? दादाने मध्येच चहा मागितला वाटतं.

९ ऑगस्ट

पत्र काल इथेच ठेवून दिलं होतं.

आज सकाळी खिसा मीच लावावा म्हणून कोट टेबलावर पसरला, तू पसरतेस तसा, गळा पलीकडे करून. आणि हातातली सुई खाली ठेवली. घालणारीची उजवी बाजू ही शिवणारीची डावी. खिसा नाही तो तुझ्या डावीकडचा. कड राहिली ती तुझ्या डावीकडची. वहिनी, फ्रॉकची लेस कुठल्या बाजूची नव्हती? चौकट कुठल्या खांद्याला लागते? ताटात भाजी कुठल्या बाजूची राहते?

मी असे पेशंट रोज बघते. एक गृहस्थ अर्धीच दाढी करून आले होते आणि शपथेवर सांगत होते की पूर्ण केलीय. डोळे चांगले असतात, पण ती बाजू मेंदूच्या खिजगणतीतच नसते. असं टेन्शनने होत नाही. पित्ताने तर नाहीच नाही. हे डोक्याच्या उजव्या भागाला रक्त कमी पडल्यावर होतं, आणि पुष्कळदा त्याचं मूळ मानेतल्या रक्तवाहिनीत असतं.

मिळेल त्या बसने निघून ये. दादाला घेऊनच ये. मी तुझ्या पाया पडते.

चिंगी


१२ ऑगस्ट

चिंगे,

तुझं पत्र वाचून आधी हसले आणि मग खरंच राग आला.

एक खिसा राहिला तर तू मला थेट पेशंट करून टाकलंस! मी दोन्ही खिसे लावलेत. मला चांगलं आठवतंय. तुमच्या त्या खोलीत दिवसभर लोकांच्या माना बघून तुला जो दिसेल तो आजारी दिसतो. मला सगळं दिसतं. दोन्ही डोळ्यांनी दिसतं. सुईत दोरा पहिल्या फटक्यात ओवते, चष्म्याशिवाय.

आणि निघून ये म्हणायला काय जातं? ह्यांना आंघोळीला कोण उठवणार? बसच्या पायऱ्या चढताना ह्यांना मागून कोण धरणार? झटका ह्यांना आला, तपासण्या ह्यांना हव्यात. माझ्या एकीच्या शंकेपायी ह्यांची ओढाताण करू? उंटावरून शेळ्या हाकू नकोस.

तुझा फोन आला तेव्हा दूध उतू जातंय म्हणून ठेवला, ते खोटं होतं. तुझा रडवेला आवाज मला ऐकवत नाही.

वहिनी


१६ ऑगस्ट

दादा,

हे पत्र तुला आहे. तू बोलत नाहीस, पण वाचतोस. बोट ठेवून सावकाश वाच. कळलं नाही तर परत वाच.

वहिनीच्या मानेतली डोक्याकडे जाणारी एक रक्तवाहिनी आतून बुजत आली असावी अशी मला भीती आहे. पाइपात गाळ बसला की शेवटच्या घराला आधी पाणी कमी पडतं आणि मग एके दिवशी थेंबही येत नाही, हे मी तुला सांगायला नको. सध्या तिला अधूनमधून कमी पडतंय. पूर्ण बंद पडायच्या आत बघायला हवं. तुला आला तसा, किंवा त्याहून मोठा झटका तिला येऊ शकतो. येईलच असं नाही. पण न बघता बसून राहायची माझी हिंमत नाही.

ती माझं ऐकत नाही. सोनोग्राफीच्या खोलीत सध्या मी एकटीच आहे, दुसरी आजारी पडलीय, म्हणून पुढच्या आठवड्याआधी मला तिकडे यायला सोडत नाहीत. मॅडमच्या हातापाया पडून तिच्या तपासणीची तारीख मिळवलीय, पण तुमच्या डॉक्टरांची चिठ्ठी नसेल तर नोंदणीच्या खिडकीवरचा माणूस आत घेत नाही.

कोट परत पाठवतेय. टेबलावर गळा पलीकडे करून पसर आणि तिला समोर बसव. सोबतच्या कागदावर मी मोठ्या अक्षरात 'दोन्ही खिशांवर हात ठेव' असं लिहिलंय. तो तिला दाखव. पुढचं तुझ्यावर सोपवते. लहानपणी मी विहिरीत वाकले होते तेव्हा तू मला वेणीला धरून मागे ओढलं होतंस. तसं कर.

चिंगी


१९ ऑगस्ट

चिंगे,

उद्या सकाळच्या बसने आम्ही दोघं येतोय. तू भेटशीलच, पण समोर बसून मला हे बोलता येणार नाही, म्हणून लिहून आणतेय. हातात दिलं की माझ्यासमोर वाचू नकोस.

ह्यांनी कोट पसरला. मला खांद्याला धरून बसवलं. तुझा कागद वाचून मी फणकाऱ्याने माझ्या उजवीकडच्या खिशावर हात ठेवला आणि म्हटलं, "हा एक." मग दुसरा शोधायला लागले. शोधतच राहिले. शेवटी ह्यांनी माझा डावा हात धरून त्या जागेवर नेला. नुसतं सपाट कापड. मी तिथून बोटं फिरवत राहिले. मी शिवला होता ना गं? शप्पथ सांगते, मला वाटत होतं की शिवलाय.

मग हे उठले. मशीनच्या डाव्या अंगाला माझी चिंध्यांची टोपली असते, तिच्याशेजारी खिशाचा कापलेला तुकडा पडला होता. किती दिवस तिथेच, माझ्या कोपराजवळ. ह्यांच्यासाठी घाबरायची मला सवय झाली होती, स्वतःसाठी घाबरणं फार वेगळं असतं.

आता जे लपवलं ते सांगते. गेल्या महिन्यात भाजी चिरताना डावा हात एकदम परका झाला. माझाच, पण माझा नाही. तोंडाची एक बाजू जड. जरा वेळाने सगळं जागेवर आलं. डॉक्टरांना सांगितलं, तर पित्त. मी तोंड उघडून विचारलंही, ह्यांची झाली ती मानेची तपासणी माझी करू या का? म्हणाले, "ती करणारा माणूस इथे पंधरा दिवसांनी एकदा येतो, काकू. तुम्हाला कशाला ती कटकट?" मलाही पटलं. खरं सांगू, बरंच वाटलं. मी आजारी पडून चालणार नव्हतं.

काल हे मला घेऊन गेले. डॉक्टर नेहमीसारखे ह्यांच्याकडे वळले, "काय, कसं वाटतंय?" हे म्हणाले, "बरं." आणि मला पेशंटच्या खुर्चीत ढकललं! डॉक्टर ह्यांच्याच गोळ्या लिहायला लागले तर ह्यांनी पॅडवर डावा पंजा ठेवला. कोट काढून टेबलावर टाकला, शेजारी तो तुकडा. रिकाम्या जागेवर बोट आपटत राहिले. बाहेर गर्दी, कंपाउंडर आत डोकावतोय, पण ह्यांचा पंजा काही हलेना.

डॉक्टर वाईट माणूस नाही. बघत राहिले. मग एका कागदावर पुष्कळ रेघा काढून दिल्या आणि म्हणाले, "सगळ्या खोडा." मी भराभर सगळ्या खोडल्या. त्यांनी कागद डावी बाजू उजवीकडे येईल असा फिरवून माझ्यासमोर धरला. अर्ध्या तशाच होत्या. त्यांनी चिठ्ठी लिहिली, तुमच्याकडे स्वतः फोन लावला, आणि दारापर्यंत सोडायला आले. म्हणाले, "काकू, माझ्या लक्षात यायला हवं होतं."

मला फार भीती वाटतेय, चिंगे. बसमध्ये ह्यांच्या डाव्या बाजूला बसू की उजव्या, याचाही विचार करतेय. ह्यांची उजवी गेलीय, माझी डावी. आमच्या दोघांत मिळून एक धड माणूस आहे.

वहिनी


२७ ऑगस्ट

दादा,

तुला परत घरी पाठवलं म्हणून रागावू नकोस. वॉर्डात तुझीच देखभाल कोण करणार होतं? शेजारच्या काकू येऊन जातात ना?

तपासणी मीच केली, ठरवलं होतं तशी. जेल लावताना ती म्हणाली, "गार आहे गं," आणि तुझ्या गोळ्यांची आठवण करत बसली. मी पडद्याकडे बघत होते. उजव्या रक्तवाहिनीत रक्ताला दोऱ्याएवढीच वाट उरलीय. रोज बघते मी हे, चेहरा कसा सरळ ठेवायचा ते मला येतं. पण त्या दिवशी नाही जमलं. वहिनीनेच माझा हात धरला आणि विचारलं, "तुझा दादा एकटा राहील ना?"

उद्या ऑपरेशन, म्हणून हे पत्र आजच्याच बसने पाठवतेय. मान उघडून आतला गाळ काढतील. सर्जन म्हणतात वेळेत आलात. धोका आहेच, टेबलावरही झटका येऊ शकतो, तशी सही मी केलीय.

मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी हातातली फाईल मिटली. मग म्हणाल्या, "तुमच्या वहिनी माझ्या कागदांत आल्याच नसत्या. इथवर पोचलेल्यांपैकी कुणाची तपासणी राहिली तेवढंच मी मोजत बसलेय. ज्या गोळ्या घेऊन घरीच बसल्या, त्यांचं काय?" माझ्या घरातली बाई मला सगळं लिहून कळवत होती, आणि मी तिला दुपारी पडत जा म्हणत होते. हे मला आयुष्यभर टोचणार आहे.

तू काही करू नकोस. वेळेवर जेव. फोन वाजला की उचल, मी बोलेन, तू नुसतं बरं म्हण. त्या शब्दाची मला फार गरज आहे.

चिंगी


६ नोव्हेंबर

चिंगे,

मानेवरची खूण आता कॉलरमध्ये लपते. कॉलर मीच उंच केलीय, शिंपीण कशाला झाले मग?

व्यायाम चालू आहेत. डावीकडे बघायचं विसरू नये म्हणून ताटाच्या डाव्या कडेला, दाराला, मशीनला तू सांगितलीस तशी लाल फीत लावलीय. घर लग्नघरासारखं दिसतंय. चौकट अजून मधूनमधून मारते, पण आता प्रेमाने. धास्ती मात्र गेलेली नाही. हाताला जरा मुंग्या आल्या की दोघंही एकमेकांकडे बघतो आणि गार पडतो. ते असंच राहणार बहुतेक.

आपल्या डॉक्टरांनी परवा कोपऱ्यावरच्या दूधवाल्या आजींना चक्कर आली तर सरळ तुमच्याकडे पाठवलं. आजी मला येऊन म्हणतात, "तुझ्यामुळे मला एवढा प्रवास पडला!" म्हटलं, पडू दे.

आता मुख्य गोष्ट. काल कपाट आवरताना तुझा तो कोट निघाला. मनात म्हटलं, आज एकदाचा खिसा लावून टाकते. टेबलावर पसरला, गळा पलीकडे. आणि मी ओरडलेच, "हा खिसा कुणी लावला एवढा वाकडा?"

हे खुर्चीत बसून खिडकीबाहेर बघायला लागले. जसं काही त्या गावचेच नाहीत! कधी लावला विचारलं तर कॅलेंडरवर माझ्या ऑपरेशनच्या तारखेवर बोट ठेवलं. मी तिकडे तुमच्याकडे टेबलावर होते त्या दिवशी, घरात एकट्यानं, कोट गुडघ्याखाली दाबून, डाव्या हातानं लावलाय. तो माझ्या टोपलीजवळचा तुकडा. टाके बोट बोट लांब, एक कोपरा वर, एक खाली. दोन जागी रक्ताचे ठिपके आहेत, सुई टोचलेली. तू काही करू नकोस म्हणून लिहिलं होतंस ना? तर हे केलं.

माझ्या दुकानातून असं शिवण बाहेर जाणं शक्यच नाही. उसवायला कातरी घेतली, पहिला टाका धरला, आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला की मी कशावर ओरडले होते. तो डावीकडे होता, चिंगे. तिथे लाल फीत नव्हती, कुणी सांगितलं नव्हतं. मी आपली आपण तिकडे बघितलं होतं.

कातरी ठेवली आणि तिथेच जमिनीवर बसून भोकाड पसरलं. हे घाबरून उठले, कसेबसे खाली वाकले, आणि डोक्यावर हात ठेवून म्हणत राहिले, "बरं. बरं. बरं."

बाहीची कड मी दुमडून दिलीय. खिसा तसाच ठेवलाय. कोट धुऊन पाठवतेय, डाग राहिले तर घासत बसू नकोस. आणि त्या खिशात किल्ल्या ठेवू नकोस, फक्त रुमाल ठेव. टाके तुझ्या दादाचे आहेत.

वहिनी